तुटलेल्या हाताचे मोल

अपघात या शब्दातच दोषातून सुटण्याची एक वाट ठेवलेली आहे. जे अकल्पितपणे घडले, ज्याचा कोणी संकल्प केला नव्हता, त्याचा जाब कोणाला विचारावा, असे मनुष्याला सहज वाटते. जखमी मनुष्य रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा भेटीस आलेली वडीलधारी मंडळी ‘जिवावरचे हातावर निभावले’ असे म्हणून त्याचे समाधान करतात. त्या समाधानात आपुलकी असते आणि काही सत्यही असते. परंतु पाहुणे उठून गेले म्हणजे घरात दुसरा हिशेब सुरू होतो. गेलेल्या हाताने जे काम होत होते ते आता कोण करणार, मुलांची फी, घराचे भाडे आणि औषधांची उधारी कशी फिटणार, या प्रश्नांना दैवाचे नाव पुरत नाही. कायद्याचे काम याच ठिकाणी सुरू होते. ज्या अपघाताला दुसऱ्या कोणाची हयगय कारण झाली असेल, किंवा जो दुसऱ्याच्या लाभाचे काम करताना ओढवला असेल, त्याचा सारा भार एकट्या जखमी मनुष्याने वाहू नये, हे भरपाईच्या कायद्याचे मूळ तत्त्व होय.

हे तत्त्व या देशात अगदीच नवे आहे असे नाही. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्ही ग्रंथांत, दुसऱ्याच्या शरीरास इजा करणाऱ्याने ‘समुत्थानव्यय’ द्यावा, असे सांगितले आहे. समुत्थान म्हणजे उठून उभे राहणे. जखमी मनुष्य बरा होऊन अंथरुणावरून उठेपर्यंत जो खर्च होईल, तो या शब्दाने दाखविला जातो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर गाडीच्या अपघातांचा बारीक विचार आढळतो. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, किंवा हाकणाऱ्याने ‘दूर व्हा’ असे ओरडून सांगितले होते, अशा प्रसंगी दंड नाही. मात्र सारथी अकुशल असल्यामुळे गाडी वाट सोडून गेली आणि इजा झाली, तर दंड मालकाला. सारथी कुशल असूनही चुकला, तर तो सारथ्याला. चालकाच्या चुकीबद्दल मालकाने केव्हा उत्तर द्यावे, हा आजच्या मोटार-दाव्यांतील प्रश्न बैलगाडीच्या काळीही विचारला गेला होता. तथापि त्या व्यवस्थेची दृष्टी मुख्यतः उठण्याच्या खर्चावर होती. उठल्यानंतर त्या मनुष्याने जगावे कसे, हा प्रश्न यंत्रयुगाने तीव्रपणे पुढे आणला.

यंत्रयुगाच्या आरंभी कायदा कामगाराला अनुकूल नव्हता. इंग्लंडमध्ये १८३७ सालच्या एका निकालापासून असे मानले जाऊ लागले की, सोबतच्या कामगाराच्या चुकीने कोणाला इजा झाली तर मालक तिला जबाबदार नाही. धोका ओळखूनच तो कामावर आला, असे समजावे. गिरणीत चूक बहुधा सोबत्याचीच असावयाची, आणि सोबत्याच्या पदरी तर काहीच नसावयाचे. अशा स्थितीत हात गमावलेल्या मनुष्याला न्यायालयाचे दार उघडे असूनही बंदच होते. जर्मनीने १८८४ साली आणि ब्रिटनने १८९७ साली निराळा मार्ग काढला. दोष कोणाचा हे शोधत न बसता, काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे दिसले की मालकाने किंवा विम्याने भरपाई द्यावी, असे त्यांनी ठरविले.

हिंदुस्थानात मुंबई ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू पावलेल्या मनुष्याच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. परंतु जो मेला नाही, केवळ निकामी झाला, त्या कामगाराला स्वतंत्र कायद्यासाठी १९२३ सालापर्यंत थांबावे लागले. मुंबईच्या गिरणी कामगारांत ज्यांचे आयुष्य गेले, ते नारायण मल्हार जोशी त्या वेळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या या कायद्यामुळे साच्यात बोट सापडलेल्या मजुराला प्रथमच मालकाची चूक सिद्ध न करता भरपाई मागता येऊ लागली. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

या कायद्यासोबत एक कोष्टक आहे. ते वाचताना मन क्षणभर थबकते. एक हात गेला तर कमाईच्या शक्तीची हानी ६० टक्के; एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के; अंगठा गेला तर ३० टक्के; तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२ टक्के, करंगळी गेली तर ७ टक्के. मनुष्याचे शरीर वाण्याच्या तराजूत घातल्यासारखे हे वाटते. परंतु कोष्टकाचा हेतू निर्दय नाही. अडाणी मजुराने वर्षानुवर्षे वाद घालीत बसू नये, निदान एवढी रक्कम त्याला निश्चित व लवकर मिळावी, यासाठी हे आकडे ठरविले गेले. कोष्टक हा खालचा आधार आहे. त्यालाच वरची मर्यादा समजले म्हणजे अन्याय होतो.

ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, कोरापुट जिल्ह्यात जेपूर येथे १९६८ साली घडलेल्या एका अपघाताने हा भेद स्पष्ट केला. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असताना एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराजवळ कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही हानी शंभर टक्क्यांपेक्षा कमी भरत होती, आणि मालकाचे म्हणणे तसेच होते. आयुक्तांनी मात्र साधा प्रश्न विचारला, की एका हाताने सुतारकाम होते काय? रंधा मारायचा तर दोन हात हवेत. पटाशी एका हाताने धरावी आणि दुसऱ्याने हातोडी मारावी, तेव्हा लाकडाला आकार येतो. हा मनुष्य सुतार म्हणून पूर्णपणे निकामी झाला आहे, सबब हानी शंभर टक्के, असा त्यांनी निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय कायम केला. इतकेच नव्हे, तर भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच उत्पन्न होते, निकालाच्या दिवसाची वाट पाहण्याचे मालकाला कारण नाही, असेही सांगितले. ज्या सुताराने हे तत्त्व मिळवून दिले त्याला त्यासाठी सात वर्षे झगडावे लागले, हेही विसरता कामा नये.

सुताराच्या या प्रकरणातील विचार मोटार अपघातांच्या दाव्यांतही स्थिर झाला आहे. २०१० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फोड फार सुबोध रीतीने केली. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांचा दाखला पहिली गोष्ट सांगतो. दुसरी ठरविण्याचे काम न्यायाधिकरणाचे आहे. डावा हात गमावलेल्या दोन मनुष्यांना डॉक्टर ६० टक्क्यांचाच दाखला देतील. पण त्यांतील एक मोटारचालक किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ संपली. दुसरा सरकारी कचेरीतील कारकून असेल, तर त्याची नोकरी टिकून राहू शकेल. म्हणून जखमी मनुष्य अपघातापूर्वी कोणते काम करीत होता, आता त्याला काय करता येते आणि काय येत नाही, दुसरे काम शिकण्याचे त्याचे वय व शिक्षण आहे काय, हे सारे पाहावे लागते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. समजा, एखादा सुतार ३२ वर्षांचा आहे आणि महिन्याला १५,००० रुपये मिळवितो. वर्षाचे उत्पन्न १,८०,००० झाले. स्वतंत्र धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतील मनुष्याच्या उत्पन्नात पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. म्हणजे २,५२,००० रुपये. वयाच्या ३१ ते ३५ या टप्प्यासाठी २००९ सालच्या निकालाप्रमाणे १६ हा गुणक आहे. त्याने गुणले की ४०,३२,००० रुपये होतात. कमाईची हानी दाखल्यावरच्या आकड्याप्रमाणे ६० टक्के धरली, तर या सदराखाली २४,१९,२०० रुपये मिळतील. शंभर टक्के धरली, तर पूर्ण रक्कम मिळेल. ‘हा मनुष्य कोणते काम करीत होता’ या एका प्रश्नाचे उत्तर पुराव्यात नीट आले की नाही, यावर सोळा लाखांहून अधिक रुपये अवलंबून राहतात. एका संसाराची कित्येक वर्षे त्या फरकात सामावलेली असतात.

कमाईखेरीज इतर सदरेही असतात. उपचार, औषधे, जाण्यायेण्याचे भाडे आणि पोषक आहार यांचा झालेला खर्च, अंथरुणावर असताना बुडालेली मजुरी, पुढे लागणारी शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम अवयव, सोसलेल्या वेदना, आणि आयुष्यातील साध्या सुखांना आलेली पारख, या सर्वांचा विचार करावयाचा असतो. कारकुनाची नोकरी राहिली म्हणून त्याचे काहीच गेले नाही असे नव्हे. मुलाला दोन्ही हातांनी उचलून घेणे, पोहणे, पेटी वाजविणे यांचा पगार कोणी देत नाही, तरी ती त्याच्या आयुष्याचा भाग होतीच.

ज्यांना पगारच नाही त्यांचे काय, हा त्याहून कठीण प्रश्न. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी घरकाम हे आपले मुख्य काम म्हणून सांगितले. असे सांगणारे पुरुष ५८ लाखांच्या आसपास होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या या स्त्रीची नोंद अनेक कागदांत ‘उत्पन्न नाही’ अशी होते. जानेवारी २०२१ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या आकड्यांचा उल्लेख करून सांगितले की, गृहिणीच्या श्रमाचे उत्पन्न कल्पून भरपाई ठरविणे म्हणजे त्या श्रमाचे मोल मान्य करणे होय. गृहिणीचा पाय जायबंदी झाला, तर स्वयंपाक, पाणी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा ही कामे थांबत नाहीत. ती दुसऱ्या कोणावर तरी पडतात. दावा करताना घरच्या मंडळींनी हे सांगितलेच पाहिजे.

बारा वर्षांच्या एका मुलीचे प्रकरणही येथे आठवण्यासारखे आहे. २००७ साली झालेल्या अपघातात ती कायमची अंथरुणाला खिळली. ती अजून कमावती नव्हती. तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांची गरज होती. २०२० साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दोन परिचारकांचा, प्रत्येकी ५,००० रुपयांप्रमाणे, मासिक खर्च धरला आणि त्याच्या वार्षिक रकमेला १८ च्या गुणकाने गुणून केवळ शुश्रूषेसाठी २१,६०,००० रुपये दिले. आई शुश्रूषा करीतच आहे, मग पैसे कशाला, हा युक्तिवाद टिकत नाही. आईच्या श्रमालाही मोल असते, आणि आईलाही वय असते.

असे दावे कोठे व कसे चालतात, याचीही माहिती असणे अगत्याचे आहे. १९३९ च्या मोटारवाहन कायद्याने रस्त्यावरील तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा केला आणि १९४६ पासून ती सक्ती अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी निराळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. आजचा कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे जखमी मनुष्याला अपघात झाला त्या जागी, स्वतः राहतो किंवा धंदा करतो त्या जागी, अथवा प्रतिपक्ष राहतो त्या जागी अर्ज करता येतो. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला दूरच्या प्रांतात प्रवासात अपघात झाला, तर तेथे खेटे घालण्याची जरुरी नाही. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावाही येथे लागत नाही. अधिक संभवनीय काय, एवढे पाहिले जाते. जखमी मनुष्याचीही काही चूक असेल, तर दावा बुडत नाही. चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. आणि अर्जात मागितली त्याहून अधिक रक्कम न्याय्य ठरत असेल, तर न्यायाधिकरण तीही देऊ शकते.

मुदतीचा विषय नाजूक आहे. १ एप्रिल २०२२ पासून असा अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत करावा, असा नियम आला. त्याच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे; परंतु शहाण्याने त्या वादावर विसंबून दिवस घालवू नयेत. त्याच दिवसापासून पोलिसांवरही कर्तव्य आले आहे. पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत त्यांनी न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो वेळेत गेला की नाही, याची चौकशी जखमीच्या घरच्यांनी निःसंकोचपणे करावी. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये आणि मृताच्या कुटुंबाला २ लाख रुपये देण्याची स्वतंत्र योजना आहे.

चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कमही कायद्यात आहे. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख. अडचणीच्या वेळी ती मोठा आधार वाटते. परंतु विमा कंपनीकडून ती एकदा स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. मघाच्या सुताराचा हिशेब ध्यानात आणला, म्हणजे घाईने केलेल्या सहीची किंमत कळून येईल. रुग्णालयाच्या दारात भेटणारे मध्यस्थ आणि कोऱ्या कागदावर मागितलेले अंगठे यांपासून याच कारणाने दूर राहावे. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया, मुले, कामगार, अपंग आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

या सर्वांपेक्षा अधिक महत्त्व लहानसहान कागदांना आहे. रुग्णालयाचा पहिला केसपेपर, त्यावर लिहिलेले अपघाताचे कारण, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, जागेचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक, मजुरीचा एखादा हिशेब किंवा बँकेचे पुस्तक, या गोष्टी त्या गोंधळात कोणाला सुचत नाहीत. पहिल्या केसपेपरवर ‘घरी पडला’ असे कोणी चुकून लिहून गेले, तर पुढे चार साक्षीदारांनाही ती ओळ पुसता येत नाही. अपंगत्वाचा दाखला शक्य तो ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांचा असावा. रुग्णाला पुरते न तपासता दिलेल्या तयार दाखल्यांविषयी २०१० च्या निकालात स्पष्ट इशारा आहे. दाखल्यातील टक्के त्या अवयवापुरते आहेत की संपूर्ण शरीराचे, हेही विचारून घ्यावे. आणि मनुष्य काय काम करीत होता, हे सांगण्यास त्याच्या शेजारी काम करणारा एक साधा कारागीर पुष्कळदा पुरतो. रंध्याला दोन हात लागतात, ही गोष्ट त्याच्याइतकी चांगली कोण सांगणार?

पुष्कळ सुशील घरांत अशा पैशाविषयी एक संकोच आढळतो. रक्ताचा पैसा घ्यावा कसा, कोर्टाची पायरी चढावी कशाला, असे तेथे म्हटले जाते. हा संकोच आदरणीय असला, तरी त्यात एक गैरसमज आहे. भरपाई हे दान नव्हे, सूडही नव्हे आणि गेलेल्या अवयवाची विक्री तर नव्हेच. वाहनाच्या मालकाने विम्याचा हप्ता भरावयाचा असतो, तो याच प्रसंगासाठी. जखमी मनुष्याने तो हक्क सोडला, तर त्याचा भार नाहीसा होत नाही. तो त्याच्या पत्नीच्या कष्टांवर, मुलाच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणावर आणि भावाच्या कर्जावर जाऊन पडतो. औदार्य दाखविल्यासारखे वाटते, पण त्याची किंमत ज्यांना कोणी विचारलेच नाही ते भरीत राहतात.

प्राचीनांनी समुत्थान हा फार अर्थपूर्ण शब्द योजला होता. आजच्या न्यायाने त्याचा अर्थ विस्तृत केला आहे. अंथरुणावरून उठणे हे समुत्थानाचे अर्धे अंग झाले. आपल्या घरात, आपल्या कामात आणि आपल्या माणसांत पुन्हा ताठ मानेने उभे राहणे हे त्याचे दुसरे अंग होय. जेपूरच्या सुताराचा हात कोणत्याही न्यायालयाला परत देता आला नाही. परंतु तो हात काय करीत होता हे ओळखूनच त्याचे मोल ठरविले गेले, आणि त्याच्यामागून येणाऱ्या असंख्य कष्टकऱ्यांना त्या निर्णयाचा आधार मिळाला.